ऑडिओ इंटरफेस निवडताना: आधी माइक, मग आकडे

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचे ठरले की पहिला प्रश्न ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माइकला संगणकाशी जोडणाऱ्या डबीचा, येतो, आणि बहुतेक वेळा तो उलट्या टोकाकडून विचारला जातो. कोणत्या इंटरफेसचे कन्व्हर्टर अधिक चांगले, कोणाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो ते) १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातो, कोणाचा आवाज ‘उबदार’ आणि कोणाचा ‘स्वच्छ’, यावर माणसे आठवडेच्या आठवडे घालवतात. माझे मत असे आहे की इंटरफेसची निवड इंटरफेसपासून सुरू होतच नाही. आपण टिपणार आहोत त्यांपैकी सर्वांत हळू आवाज कोणता, तो कोणत्या माइकने टिपणार आहोत, आणि ध्वनिमुद्रण चालू असताना गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या कानात नेमके काय जाणार आहे, या तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरल्या की खोक्यावरचे निम्मे आकडे बाजूला ठेवता येतात आणि जे उरतात त्यांच्याकडे मात्र अतिशय बारकाईने पाहावे लागते.

इंटरफेस नावाच्या त्या छोट्या डबीत खरे तर अनेक उपकरणे एकत्र बसवलेली असतात. माइककडून येणारा अगदी क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप, त्या सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारा कन्व्हर्टर, आकड्यांचा पुन्हा सिग्नल करणारा दुसरा कन्व्हर्टर, हेडफोनचा अँप, आणि या सगळ्याचे संगणकाशी बोलणे जमवून आणणारा ड्रायव्हर. यांपैकी ज्या भागाची चर्चा सर्वांत जास्त होते, तो कन्व्हर्टर, आज सर्वांत कमी काळजीचा विषय उरला आहे. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणाची सैद्धांतिक डायनॅमिक रेंज, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, सुमारे १४४ डेसिबल असते. प्रत्यक्षातल्या उत्तम कन्व्हर्टरची मजल साधारण १२० डेसिबलच्या आसपास थांबते, आणि हा टप्पा आता सुरुवातीच्या श्रेणीतल्या उपकरणांनीही गाठला आहे. मोटू एम२ हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. त्याच्या आउटपुटची डायनॅमिक रेंज १२० डेसिबल आहे. सीडीच्या १६ बिटांतून सुमारे ९६ डेसिबल मिळतात आणि तेवढ्यावर जगाने अनेक दशके संगीत ऐकले. घरातल्या खोलीत ही ९६ डेसिबलचीसुद्धा जागा पुरी वापरली जात नाही, कारण पंखा, संगणक, खिडकीबाहेरची वर्दळ आणि भिंतींवरून परतणारा आवाज त्याच्या फार आधी मध्ये येतात. म्हणून कन्व्हर्टरच्या तुलनेत वेळ घालवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

प्रीअँपची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे माइकपासूनच सुरुवात करावी लागते. प्रत्येक माइकच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते, म्हणजे ९४ डेसिबलचा आवाज समोर असताना तो माइक किती व्होल्ट देतो ते. शुअर एसएम७बी या डायनॅमिक (बाहेरच्या विजेशिवाय चालणाऱ्या) माइकची संवेदनशीलता सुमारे १.१२ मिलिव्होल्ट आहे, त्याच कंपनीच्या एसएम५८ची सुमारे १.८८ मिलिव्होल्ट, तर रोड एनटी१-ए या कंडेन्सर (बाहेरून वीज लागणाऱ्या) माइकची २५ मिलिव्होल्ट. पहिल्या आणि शेवटच्या माइकमध्ये सुमारे २७ डेसिबलचे अंतर आहे. समोर तोच गायक, तेच गाणे आणि तेवढेच अंतर असले, तरी एका माइकसाठी प्रीअँपला दुसऱ्यापेक्षा २७ डेसिबल अधिक गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, द्यावा लागणार. कंडेन्सर माइक वापरणाऱ्याने ‘हा प्रीअँप मस्त आहे’ असे सांगितले, तर एसएम७बी वापरणाऱ्याला त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

हिशेब करून पाहिला तर चित्र आणखी स्पष्ट होते. साधे बोलणे एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते; तोंडापासून १० सेंटिमीटरवर तेच सुमारे ८० डेसिबल भरते. एसएम७बीतून त्या वेळी निघणारा सिग्नल सुमारे उणे ७१ डीबीयू (विद्युत सिग्नलच्या पातळीचे एकक) इतका असतो. ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी उणे १८ ते उणे २० डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचे एकक; शून्य ही त्याची वरची मर्यादा) जवळपास असावी, म्हणजे अचानक चढलेल्या आवाजाला वर जागा राहते आणि तो फुटत नाही. आता प्रश्न असा की आपल्या इंटरफेसचा गेन पूर्ण चढवल्यावर किती डीबीयूचा सिग्नल त्याला शून्य डीबीएफएसपर्यंत भरतो? उणे ५२ किंवा उणे ५३ डीबीयू पुरत असतील, तर वरचे बोलणे नेमके हव्या त्या पातळीवर येते. उणे ४६ लागत असतील, तर तेच बोलणे उणे २५च्या आसपास राहते. ते वाया जात नाही, पण नॉब शेवटपर्यंत फिरवलेला असतो आणि हळू बोलणाऱ्या माणसासाठी पुढे काही शिल्लक नसते.

हा आकडा माहितीपत्रकात सरळ लिहिलेला नसतो. तिथे ‘गेन रेंज’ लिहिलेली असते, आणि ती एकटी पाहिली तर दिशाभूल होते. समजा एका उपकरणाची गेन रेंज ५६ डेसिबल आहे आणि कमीत कमी गेनवर ते जास्तीत जास्त १० डीबीयूचा सिग्नल घेते. दुसऱ्याची रेंज ६२ डेसिबल आहे आणि ते १६ डीबीयूपर्यंत घेते. जास्तीत जास्त इनपुटमधून गेन रेंज वजा केली, तर दोन्हींचे उत्तर उणे ४६ डीबीयू येते. हळू आवाजाच्या बाबतीत दोन्ही उपकरणे तंतोतंत सारखी आहेत. दुसऱ्याचे सहा डेसिबल मोठा आवाज सोसण्याच्या कामी येतात, हळू आवाज वर आणण्याच्या नव्हे. ही साधी वजाबाकी प्रत्येकाने खरेदीपूर्वी करावी असे मला मनापासून वाटते, कारण दोन उपकरणांतला खरा फरक बहुतेक वेळा इथेच सापडतो.

गेननंतर खरखर. प्रीअँपची स्वतःची खरखर इआयएन या आकड्याने सांगतात आणि तो जितका अधिक उणे तितके चांगले. १५० ओहमच्या रोधकाची केवळ उष्णतेमुळे होणारी खरखरच साधारण उणे १३१ डीबीयू असते, त्यामुळे तितक्या रोधाचा माइक जोडल्यावर त्याखाली कोणतेही उपकरण जाऊ शकत नाही. आजची चांगली उपकरणे उणे १२७ ते उणे १२९च्या दरम्यान असतात, म्हणजे निसर्गाने घातलेल्या मर्यादेच्या दोनचार डेसिबल अलीकडे. हे आकडे जुळवताना मात्र एक पथ्य पाळावे: ए-वेटेड, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार दिलेले, मोजमाप नेहमीच दोनेक डेसिबलने अधिक चांगले दिसते, आणि इनपुट शॉर्ट करून घेतलेले मोजमाप त्याहूनही देखणे दिसते. दोन कंपन्यांचे आकडे एकाच पद्धतीने मोजलेले नसतील, तर एकदोन डेसिबलच्या फरकाला काहीही अर्थ नाही.

आता वरच्याच उदाहरणात खरखरीचा हिशेब घालू. उणे ७१ डीबीयूचा आवाज आणि उणे १२८ डीबीयूची खरखर, म्हणजे दोहोंत ५७ डेसिबलचे अंतर. रात्रीच्या शांत खोलीतही पार्श्वभूमीचा आवाज ३० डेसिबल असतो असे धरले, तर ८० डेसिबलच्या बोलण्याशी त्याचे अंतर ५० डेसिबल पडते. म्हणजे सर्वांत मंद माइकपैकी एक वापरूनही खोलीची खरखर प्रीअँपच्या खरखरीपेक्षा मोठीच राहते. कंडेन्सर माइक वापरला तर प्रीअँपचा प्रश्न जवळजवळ मिटतोच, कारण सिग्नल आधीच मोठा असतो. प्रीअँपच्या खरखरीला खरे महत्त्व येते ते मंद माइक आणि मंद ध्वनी एकत्र आल्यावर: डायनॅमिक किंवा रिबन (धातूच्या पातळ पट्टीच्या) माइकने, थोड्या अंतरावरून, बोटांनी हळुवार छेडलेली गिटार टिपायची असेल तेव्हा. माइकपाशी ५० डेसिबलचाच आवाज पोहोचत असेल, तर एसएम७बीमध्ये प्रीअँपच्या खरखरीशी २७ डेसिबलचे अंतर उरते, आणि तिथे प्रत्येक डेसिबल कानाला जाणवतो. अर्थात त्या कामासाठी इंटरफेस बदलण्यापूर्वी माइक बदलावा, हे मी आग्रहाने सांगेन. खोलीचे आणि प्रीअँपचे हे नाते ज्याने एकदा कागदावर मांडून पाहिले, तो महागड्या प्रीअँपचा विचार सोडून जाड पडदे, गादी आणि पुस्तकांची कपाटे यांचा विचार करू लागतो, आणि त्याच्या ध्वनिमुद्रणात लगेच फरक पडतो.

मंद माइकसाठी इनलाइन बूस्टर नावाचे छोटे उपकरण मिळते, जे माइक आणि इंटरफेस यांच्या मध्ये बसते, इंटरफेसकडून फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) घेते आणि साधारण २० ते २५ डेसिबल गेन आधीच देते. इंटरफेसचा गेन कमी पडत असेल किंवा गेन अगदी वर नेल्यावर खरखर चढत असेल, तर ते खरोखर उपयोगी पडते. पण आजच्या नव्या पिढीच्या उपकरणांत ही गरज बरीच कमी झाली आहे. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२चेच पाहा: २०१९च्या तिसऱ्या पिढीत माइकची गेन रेंज ५६ डेसिबल होती, २०२३च्या चौथ्या पिढीत ती ६९ डेसिबल झाली. त्याच चौथ्या पिढीतल्या सोलो या धाकट्या उपकरणात ती ५७ आहे. नाव एक, पिढी एक, दिसायला भावंडे, पण मंद डायनॅमिक माइक असलेल्या माणसासाठी या दोहोंतला फरक निर्णायक ठरतो.

फँटम पॉवरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ४८ व्होल्ट आज जवळजवळ प्रत्येक इंटरफेसवर असतात. हा ४८चा आकडा कुठून आला याचा इतिहास मात्र मला फार आवडतो. १९६६ साली नॉयमान कंपनीने नॉर्वेच्या नभोवाणीसाठी केएम८४ हा माइक तयार केला, आणि त्यांच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची व्यवस्था आधीच होती, म्हणून माइकही त्याच व्होल्टेजवर चालवला गेला. पुढे तोच जगाचा प्रघात झाला. खरेदी करताना पाहायचे ते एवढेच की दोन्ही इनपुटांना एकच स्विच आहे की वेगवेगळे; एका बाजूला कंडेन्सर आणि दुसऱ्या बाजूला जुना रिबन माइक वापरण्याचा विचार असेल, तर वेगळे स्विच असलेले बरे.

गिटारसाठी हाय-झेड, म्हणजे जास्त रोधाचे, इनपुट लागते. तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकीय पिकअपला सुमारे एक मेगाओहमचा इनपुट रोध मिळाला तर त्याचा वरचा सूर मोकळा येतो. तीच केबल १० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये लावली, तर आवाज दबका आणि निस्तेज होतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ असा स्विच असेल तर तो दाबायला विसरू नये. अकूस्टिक गिटारमधल्या पिएझो पिकअपला त्याहूनही अधिक रोध हवासा असतो, त्यामुळे गिटारमध्येच प्रीअँप नसेल तर मध्ये एक छोटा प्रीअँप किंवा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवणारी डबी) ठेवावा.

इनपुट किती हवीत? एकट्याने गाणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा एक वाद्य वाजवणाऱ्या माणसाला दोन पुरतात, कारण तो एकेक ट्रॅक रचत जातो. एकाच वेळी जितके माइक लावले जाणार आहेत तितकी इनपुट, एवढाच नियम. पुढे कधी ड्रमसेट टिपण्याची शक्यता असेल तर आठ इनपुटांचे उपकरण आजच घेण्याची गरज नसते. एडॅट ऑप्टिकल इनपुट (प्रकाशाच्या एका केबलवरून अनेक चॅनेल आणणारे) असलेला इंटरफेस घेतला, तर ४८ किलोहर्ट्झवर आठ चॅनेल नंतर जोडता येतात. सॅम्पल रेट ९६ केला की ते चारच होतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आता त्या विषयाकडे येतो, ज्यावर माझ्या मते सर्वांत कमी लिहिले जाते: गाणाऱ्याच्या कानात काय जाते. माइकमधून गेलेला आवाज संगणकात जाऊन, सॉफ्टवेअरमधून फिरून, पुन्हा हेडफोनमध्ये यायला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला, तर एका दिशेला ५.३ मिलिसेकंद लागतात, जाऊन-येऊन साडेदहाच्या पुढे. शिवाय कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरने आत राखलेल्या जास्तीच्या बफरचा वेळ वेगळा. १२८ सॅम्पलवर एका दिशेचे २.७ मिलिसेकंद होतात, ६४वर १.३. गिटारवादकाला दहा मिलिसेकंद फारसे त्रास देत नाहीत, कारण अँपपासून तीन मीटरवर उभे राहून वाजवताना हवेतून आवाज यायलाही सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात आणि त्याची त्याला सवय असते. गायकाचे तसे नाही. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून कोणत्याही उशिराशिवाय ऐकू येत असतो आणि त्यावर हेडफोनमधला उशिरा आलेला आवाज मिसळतो. उशीर एका मिलिसेकंदाचा असला, तर ५०० हर्ट्झला, मग १५०० आणि २५०० हर्ट्झला आवाज एकमेकांना खोडतो; उशीर बदलला की खोडल्या जाणाऱ्या जागा बदलतात. परिणामी आपलाच आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटू लागतो, गायक नकळत जोर लावतो किंवा सुरापासून किंचित ढळतो, आणि त्याचे खापर माइकवर फुटते.

म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंग ही मला सर्वांत आवश्यक सोय वाटते. त्यात माइकचा आवाज संगणकात जाण्यापूर्वीच हेडफोनकडे वळवला जातो. ते पूर्णपणे अॅनालॉग असेल तर उशीर शून्य. उपकरणातल्या डिजिटल मिक्सरमधून जात असेल तर कन्व्हर्टरमुळे एखाददुसरा मिलिसेकंद लागतो, पण तोही सहसा चालून जातो. नुसता स्विच आहे की आपला आवाज आणि मागचे संगीत यांचे प्रमाण बदलणारा नॉब आहे, हे अवश्य पाहावे. नॉब असेल तर गाणारा स्वतःच हात पुढे करून हवा तेवढा आपला आवाज वाढवतो. नुसता स्विच असेल तर प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन मागच्या संगीताची पातळी बदलावी लागते. एका माइकचा आवाज दोन्ही कानांत मध्यभागी यावा यासाठी डायरेक्ट मॉनिटरिंगमध्ये मोनोची सोय आहे ना, तेही पाहावे; ती नसेल तर आवाज एकाच कानात येतो, आणि तसे गाणे फार कठीण जाते.

डायरेक्ट मॉनिटरिंगची एक उणीव आहे: त्यात रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखे घुमणे, नसतो. अनेक गायकांना कोरड्या आवाजावर गाणे अवघड जाते, आणि ही तक्रार अगदी रास्त आहे. त्यावर दोन मार्ग आहेत. पहिला असा की कोरडा आवाज डायरेक्ट मॉनिटरिंगने ऐकावा आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब, मूळ आवाजाशिवाय, हेडफोनमध्ये सोडावा. रिव्हर्ब दहापंधरा मिलिसेकंद उशिरा आला तरी काहीच बिघडत नाही, कारण तो स्वभावतःच उशिरा येणारा आवाज आहे. या साध्या युक्तीने कोणत्याही इंटरफेसवर काम भागते आणि बहुतेकांनी आधी हीच करून पाहावी. दुसरा मार्ग म्हणजे ज्या इंटरफेसमध्ये स्वतःचा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारी चिप) आहे तो घेणे. युनिव्हर्सल ऑडिओची अपोलो मालिका त्यासाठीच ओळखली जाते. तिच्यात प्रीअँप आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारे साधन) यांच्या सॉफ्टवेअर प्रतिकृती उपकरणातच, जवळजवळ उशिराविना चालतात. ज्याला आवाज घडवतच ध्वनिमुद्रण करायचे आहे त्याच्यासाठी ते मोलाचे आहे. ज्याला कोरडे ध्वनिमुद्रण करून नंतर शांतपणे मिक्स करायचे आहे, त्याने त्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

सॉफ्टवेअरमधली वाद्ये कीबोर्डवरून वाजवणाऱ्याला मात्र डायरेक्ट मॉनिटरिंगचा काहीही उपयोग नाही, कारण त्याचा आवाज संगणकातच जन्माला येतो. त्याचा सगळा भार ड्रायव्हरवर. विंडोजवर यासाठी आसिओ हा कमी उशिराच्या ड्रायव्हरचा मार्ग आहे, जो स्टाइनबर्गने १९९७ साली आणला आणि आजही तोच प्रमाण आहे. २०१७पासून विंडोज १०मध्ये यूएसबी ऑडिओ क्लास २ (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ऑडिओ उपकरण चालवणारे मानक) याची सोय अंगभूत आली, त्यामुळे अनेक उपकरणे नुसती जोडली तरी आवाज येतो. पण आवाज येणे आणि कमी बफरवर न अडखळता काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून विंडोज वापरणाऱ्याने कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर आहे की नाही, तो शेवटचा कधी सुधारला गेला आणि कंपनी आपल्या जुन्या उपकरणांना किती वर्षे ड्रायव्हर देत राहिली, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मॅकवर कोअर ऑडिओ या अंगभूत व्यवस्थेमुळे हा प्रश्न बराच सौम्य आहे. लिनक्स, टॅब्लेट किंवा फोन वापरणाऱ्याने उपकरण क्लास कम्प्लायंट, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारे, आहे याची खात्री करावी.

ड्रायव्हरच्या बाबतीत आरएमई या कंपनीचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. जुन्या उपकरणांनाही दीर्घकाळ ड्रायव्हर मिळत राहणे आणि टोटलमिक्स या त्यांच्या मिक्सर सॉफ्टवेअरमधून कोणतेही इनपुट कोणत्याही आउटपुटला हव्या त्या प्रमाणात पाठवता येणे, या दोन गोष्टींसाठी लोक अधिक पैसे मोजतात. त्या पैशांत फक्त ‘आवाजाचा दर्जा’ विकत घेतो आहोत असे समजणे बरोबर नाही. इंटरफेस बहुधा आवाजाने जुना होत नाही, तो ड्रायव्हरने जुना होतो. फायरवायर या जुन्या जोडणीवर चालणारी उत्तम उपकरणे आजही सुरेल आवाज देऊ शकतात, पण त्यांना जोडायला संगणकावर जागाच उरलेली नाही. वापरलेले उपकरण घेणाऱ्याने हे सर्वांत आधी तपासावे.

जोडणीविषयी गैरसमज बरेच आहेत. यूएसबी-सी हे केवळ कनेक्टरचे नाव आहे, वेगाचे नव्हे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलला सुमारे १.१५ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. दोन जाणारे आणि दोन येणारे चॅनेल धरले तरी पाच मेगाबिटच्या आत काम होते, आणि यूएसबी २.०चा वेग ४८० मेगाबिट आहे. म्हणून लहान इंटरफेस ‘फक्त यूएसबी २.०’ आहे म्हणून नाकारू नये. खरी मर्यादा विजेची असते. यूएसबी २.०च्या पोर्टमधून साधारण अडीच वॉटच मिळतात, आणि तेवढ्यातून प्रीअँप, फँटम पॉवर आणि हेडफोन या सर्वांचे भागवायचे असते. हबमधून जोडणी करणाऱ्यांना मधूनच येणाऱ्या तडतडीचा अनुभव येतो तो अनेकदा याच कारणाने. अशा वेळी उपकरण थेट संगणकाला लावावे किंवा स्वतंत्र वीजपुरवठा असलेला हब वापरावा.

हेडफोनच्या अँपकडे फारच थोडे लोक पाहतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो वेगवेगळ्या रोधांत मिळतो. २५० ओहमच्या हेडफोनला एक मिलिवॅट द्यायला अर्धा व्होल्ट लागतो, तर ३२ ओहमच्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट पुरतो. यूएसबीच्या विजेवर चालणाऱ्या लहान इंटरफेसला पहिला हेडफोन जड जाऊ शकतो, आणि मग गायक ‘ऐकू येत नाही’ म्हणत राहतो. उलट बाजूला, अँपचा आउटपुट रोध जास्त असला तर कमी ओहमच्या हेडफोनचा खर्ज बदलून जातो. तो रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा असा संकेत आहे. माझा सल्ला असा की घरच्या ध्वनिमुद्रणासाठी ८० ओहमपर्यंतचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्यावा, म्हणजे इंटरफेसवर ताण पडत नाही आणि मागचे संगीत माइकमध्ये शिरत नाही. हेडफोनचा आणि स्पीकरचा नॉब वेगळा असणे ही छोटी दिसणारी, पण रोज जाणवणारी सोय आहे.

सॅम्पल रेटबद्दल दोनच वाक्ये पुरेत. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झमध्ये माणसाला ऐकू येणारी सगळी पट्टी बसते, तर १९२मध्ये एका ट्रॅकची फाइल मिनिटाला साडेआठ मेगाबाइटऐवजी साडेचौतीस मेगाबाइट होते. व्हिडिओशी संबंध असेल तर ४८, २४ बिट, आणि विषय संपला.

नावे घेऊनच सांगायचे तर, मंद डायनॅमिक माइक असलेल्या आणि एकट्याने काम करणाऱ्या माणसाला मी चौथ्या पिढीचा २आय२ सुचवेन, कारण गेन भरपूर आहे, आणि ऑटो गेन (पातळी आपोआप लावणारी) व क्लिप सेफ (आवाज फुटू लागला की गेन उतरवणारी) या सोयींमुळे गाता गाता पातळीची चिंता करावी लागत नाही. पातळी डोळ्यांनी नीट पाहत काम करणे ज्याला आवडते त्याला मोटू एम२चा रंगीत मीटर सुखाचा वाटेल. ऑडियंटच्या आयडी मालिकेत त्यांच्या मोठ्या कन्सोलमधल्या प्रीअँपचीच रचना आहे, आणि कंडेन्सर माइकने गाणी टिपणाऱ्याला ती समाधान देईल. ज्याला दहा वर्षे इंटरफेसचा विचारच करायचा नाही, त्याने आरएमईसाठी थांबून पैसे साठवावेत.

उपकरण हाती आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, दोन तपासण्या कराव्यात. पहिली खरखरीची: माइक जोडून, नेहमीचा गेन लावून, खोली शांत करून एक मिनिट ध्वनिमुद्रण करावे, मग लॅपटॉपचा चार्जर काढून तेच पुन्हा करावे. चार्जर काढल्यावर घुमणे थांबले, तर दोष इंटरफेसचा नसून अर्थिंगचा आहे, आणि ते घुमणे स्पीकरमध्ये येत असेल तर बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट खोडणाऱ्या) केबलने बहुधा जाते. दुसरी उशिराची: इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून एक केबल त्याच्याच लाइन इनपुटमध्ये लावावी, सॉफ्टवेअरमधून एक टकटक वाजवून ती नव्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित करावी, आणि दोन्ही ट्रॅक मोठे करून दोन टकटकींमधले सॅम्पल मोजावेत. ड्रायव्हर आपला उशीर खरा सांगत असेल तर दोन्ही जवळजवळ एकावर एक येतात. नवा ट्रॅक ४८ किलोहर्ट्झवर ९६ सॅम्पलने मागे पडत असेल, तर ड्रायव्हर दोन मिलिसेकंद दडवतो आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ध्वनिमुद्रणाच्या ऑफसेटची (ट्रॅक मागेपुढे सरकवण्याची) जागा असते, तिथे ९६ हा आकडा भरावा आणि तीच टकटक पुन्हा एकदा तपासावी.